वरून कुरकुरीत, आतून ओली: गांजा वाळवताना आणि मुरवताना या चुका टाळा

सांडगा हातात खडखड वाजतो, पण फोडला तर मधे ओला निघतो. गांजाची कळी अशीच फसवते. वाळवण बिघडण्याचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं: माणूस खोलीतल्या आर्द्रतेचा आकडा बघतो आणि कळीच्या पोटातली ओल विसरतो.

पुढचं सगळं घरची लागवड कायदेशीर असलेल्या ठिकाणांपुरतं आहे. कॅनडात ऑक्टोबर २०१८ पासून बहुतेक प्रांतांत एका घराला ४ झाडं चालतात. जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रत्येक प्रौढाला एका वेळी ३ झाडं लावता येतात. भारतात १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली एक झाड लावणंही गुन्हा आहे आणि शिक्षा १० वर्षांपर्यंत सक्तमजुरीची आहे. तेव्हा गावच्या परसात हा प्रयोग नको.

वाळवण म्हणजे ऊन, हा समज

मिरची, कुरडया, आमसुलं यांच्या सवयीने हात उन्हाकडे वळतो. इथे ऊन नको. उजेडात टीएचसी, म्हणजे गांजातलं नशा आणणारं द्रव्य, हळूहळू मोडून सीबीएन हे सौम्य द्रव्य बनतं, वासाची तेलं उडतात, आणि कळीची साल इतकी लवकर सुकते की आतली ओल आतच कोंडते. खोली काळोखी हवी, तापमान १६ ते २० अंश आणि आर्द्रता ५५ ते ६० टक्के. एवढं जमलं तर १० ते १४ दिवस लागतात. चार दिवसांत माल वाळला तर खूश होऊ नका. त्याला सुक्या गवताचा वास येतो, आणि तो नंतर मुरवूनही पुरता जात नाही.

दिवसा ६० दिसलं म्हणून रात्री झोपणं

सर्वांत जास्त माल इथे जातो. आर्द्रतेचा टक्का तापमानावर हलतो. बंद जागेत २० अंशांना ६० टक्के असलेली हवा पहाटे १५ अंशांवर उतरली, तर थेंबभर पाणी न वाढता आकडा ८२ च्या आसपास जातो. बुरशीला हेच हवं असतं. म्हणून किमान-कमाल नोंद ठेवणारा हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजणारं मीटर, घ्या आणि रोज सकाळी कमाल आकडा वाचा. तो टांगायचा कळ्यांच्या उंचीवर, हवा बाहेर फेकणाऱ्या नळीच्या तोंडाशी नाही.

स्वस्त मीटर सहज ५ टक्क्यांनी खोटं बोलतं. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतकेच पाण्याचे थेंब टाका, आणि मीटरसोबत झिपच्या पिशवीत ८ ते १२ तास बंद ठेवा. साध्या खोलीच्या तापमानाला आकडा ७५ यायला हवा. ७० दाखवलं तर पुढे प्रत्येक वेळी ५ मिळवा.

हेच गणित उलटंही कामी येतं. बाहेर १० अंश आणि ८० टक्के असा जर्मन ऑक्टोबर असेल, तर ती हवा आत घेऊन २० अंशांपर्यंत तापवली की ४२ टक्क्यांवर येते. ‘बाहेर पाऊस आहे, खिडकी नको’ म्हणणारे फुकटचा उपाय दाराबाहेर ठेवतात.

वाळवायचा कापडी तंबू बंद करून ठेवणं

ताज्या कळीत तीन चतुर्थांशांहून जास्त पाणी असतं. १ किलो ओला माल म्हणजे बाहेर काढायचं सुमारे पाऊण लिटर पाणी. १.२ मीटर लांबी-रुंदीच्या, २ मीटर उंच तंबूतली सगळी हवा २० अंशांना जेमतेम ५० ग्रॅम वाफ धरते. म्हणजे ती हवा कितीतरी वेळा बदलावीच लागते, आणि पहिल्या तीन दिवसांत तर सतत. बाहेर फेकणारा पंखा मंद चालू ठेवा. आतला छोटा पंखा भिंतीकडे तोंड करून लावा. कळ्यांवर सरळ झोत मारला की पुन्हा तो सांडगा तयार. फांद्या एकमेकींना टेकू देऊ नका.

डिह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढणारं यंत्र) तंबूच्या आत ठेवू नका, तो हवा तापवतो. ज्या खोलीतून तंबू हवा ओढतो तिथे ठेवा. तळहाताएवढी बिनकॉम्प्रेसरची यंत्रं दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी काढतात. कपाटाला ठीक, पहिल्या तीन दिवसांना नाहीत.

कॅनडाच्या हिवाळ्यात दुखणं उलटं: हीटिंग चालू झालं की घरात २५-३० टक्के. तिथे मोठी पानं न छाटता अख्खी फांदी टांगा, पानं कळीभोवती पांघरुणासारखी राहतात. दमट जागी मात्र पानं आधीच काढा.

दिवस मोजून बरणी भरणं

बारीक काडी वाकवल्यावर ‘कट्’ आवाजाने मोडली, की बरणीची वेळ जवळ आली. खात्री बरणीच करून देते. काचेची बरणी तीन चतुर्थांश भरा, न दडपता. आत छोटा हायग्रोमीटर टाका आणि २४ तास उघडू नका. आता आतली ओल बाहेर येते, आणि हा आकडा खरा. ७० च्या वर गेला तर सगळं बाहेर काढून पुन्हा टांगा किंवा जाळीवर पसरा. ६५ ते ७० असेल तर कागदावर दोन-चार तास मोकळं ठेवा आणि परत भरा. ५८ ते ६२ आलं की मुरवणं सुरू: पहिला आठवडा रोज १०-१५ मिनिटं झाकण उघडायचं, मग दोन-तीन दिवसांनी, पुढे आठवड्यातून एकदा. चार आठवडे तरी द्या. अमेरिकेतल्या एएसटीएम या मानक संस्थेने सुक्या फुलासाठी जलक्रियाशीलता, म्हणजे मालातल्या मोकळ्या पाण्याचं माप, ०.५५ ते ०.६५ ठरवली आहे. बरणीच्या भाषेत तेच ५५ ते ६५ टक्के.

झाकण उघडताच अमोनियासारखा, गोठ्याचा वास आला तर माल ओला भरला गेला आहे. ताबडतोब पसरा.

ओल्या बरणीत तांदूळ टाकणं निरुपयोगी. ओल शोषणारी आणि सोडणारीही, आर्द्रता ५८ किंवा ६२ टक्क्यांवर धरणारी पाकिटं शेवटच्या दोन-तीन टक्क्यांसाठी असतात, ओला माल सुकवायला नाहीत. बरणीतला आकडा ६५ च्या खाली आल्यावरच ती घाला. आणि माल जास्त सुकून आकडा ५० पर्यंत उतरला म्हणून संत्र्याची साल टाकायची ती जुनी युक्ती सोडा. साल स्वतःच बुरशी आणते, शिवाय आकडा भलताच वर नेते. तिथे ६२ चं पाकीट बरं. ओल परत येईल, उडालेला वास येणार नाही.

बुरशीचा भाग कापून उरलेलं ठेवणं

जाड कळ्या भरण्याआधी मधून उकलून बघा. देठाशी तपकिरी, भुरभुरीत गाभा आणि राखाडी लव म्हणजे बोट्रायटिस ही बुरशी. शंका असेल तर ६० पट भिंग लावा: राळेचे केस काचेच्या टाचणीसारखे, टोकाला गोल डोकं असलेले दिसतात, बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी. जाळल्याने ती निर्धोक होत नाही. अ‍ॅस्परजिलस या दुसऱ्या बुरशीचे बीजाणू फुप्फुसात गेले, तर प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाच्या जिवावर बेतू शकतं. बरणीत एका कळीवर जरी लव दिसली, तर ती सगळी बरणी फेका आणि काच उकळत्या पाण्याने धुऊन घ्या.