कोॲग्युलेशनच्या, म्हणजे रक्त गोठण्याच्या तपासण्यांच्या टेबलावर नवीन आलात? मग आधी हे रोमन आकडे समजून घ्या

डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करून आमच्या टेबलावर आलेली मुलं कॅस्केडचा, म्हणजे रक्त गोठवणारे घटक (फॅक्टर) एकामागून एक कसे सक्रिय होतात त्याचा तक्ता पाहून बिचकतात. सगळ्यात वर बारावा फॅक्टर, खाली अकरावा, मग नववा, आठवा, दहावा आणि शेवटी पाचवा, दुसरा, पहिला. आकडे असे उलटसुलट का, हे दर बॅच विचारते. हे आकडे कामाचा क्रम सांगतच नाहीत. साधारण जसजसे घटक ओळखले गेले, तसतसे आकडे पडले. नॉर्वेच्या पॉल ओव्रेन यांना १९४० च्या दशकात नवा घटक सापडला तेव्हा फायब्रिनोजेन, प्रोथ्रॉम्बिन, थ्रॉम्बोप्लास्टिन आणि कॅल्शियम हे चार माहीत होते, म्हणून त्यांनी याला पाचवा म्हटलं. पुढे एकाच घटकाला जो तो वेगळं नाव देऊ लागला, तेव्हा १९५४ मध्ये आंतरराष्ट्रीय समिती नेमली गेली आणि हळूहळू रोमन आकडे रूढ झाले. तक्त्यात सहावा शोधू नका. तो पाचव्याचंच सक्रिय रूप निघाला आणि ती जागा रिकामी राहिली.

तेव्हा एक ते तेरा असं पाठ करण्यात वेळ घालवू नका. टेस्टप्रमाणे लक्षात ठेवा. पीटी आणि एपीटीटी या रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजणाऱ्या दोन टेस्ट. पीटी वाढला आणि एपीटीटी नॉर्मल असला तर सातव्याकडे बघा. उलट असेल तर आठ, नऊ, अकरा, बारा. दोन्ही वाढले तर दहा, पाच, दोन, एक, किंवा एकाहून जास्त फॅक्टर कमी. वॉरफरिन हे रक्त गोठू न देणारं औषध दोन, सात, नऊ आणि दहाला अडवतं. त्यात सातवा सगळ्यात लवकर संपतो, म्हणून सुरुवातीला पीटीच वाढलेला दिसतो. बाराव्याची गंमत वेगळी: तो फार कमी असला तर एपीटीटी खूप लांबतो, पण पेशंटला रक्तस्राव होत नाही. आकड्यापुढे इंग्रजी छोटा ‘ए’ दिसला तर तो फॅक्टर सक्रिय झालेला आहे.

चौथा म्हणजे कॅल्शियम. निळ्या झाकणाच्या ट्यूबमधलं सिट्रेट त्यालाच बांधून ठेवतं, म्हणून रक्त गोठत नाही, आणि टेस्टच्या वेळी आपण कॅल्शियम क्लोराईड घालतो. रक्त नऊ भाग, सिट्रेट एक भाग. ट्यूब अर्धवट भरलेली आली तर सॅम्पल परत पाठवा, कुणी कितीही घाई केली तरी.

एका गोष्टीवर मी फार आग्रही आहे. सात आणि आठ यांत फक्त एका उभ्या रेघेचा फरक. नऊ आणि अकरा तर तीच दोन अक्षरं, जागा बदललेली. आठवा कमी तर हिमोफिलिया (रक्तस्राव लवकर न थांबण्याचा आजार) ए, नववा कमी तर बी. पेशंटला द्यायची औषधं वेगळी. घाईत लिहिलेल्या फॉर्मवर एक रेघ सहज सुटते. म्हणून फोनवर आकडा शब्दात उच्चारा, रजिस्टरमध्ये शेजारी आजाराचं नाव लिहा, शंका आली तर वॉर्डला विचारा.

तेरावा मात्र पीटीतही सापडत नाही आणि एपीटीटीतही नाही. नाळ गळल्यावर बाळाला रक्त येत राहतंय आणि दोन्ही रिपोर्ट नॉर्मल, असं दिसलं तर डॉक्टरांना तेराव्याची टेस्ट सुचवा.