शेकरूच्या रानातून नागफणीच्या माथ्यावर

पुण्यातील बहुतेकांची डोंगराशी पहिली ओळख सिंहगडावर होते. तिथे घाम गाळत भरभर चढायचे, वर पोहोचल्यावर पिठलं-भाकरी आणि मडक्यातले दही खायचे, आणि आपल्याला किती मिनिटे लागली ते एकमेकांना सांगायचे, अशी आपली सवय असते. भीमाशंकर अभयारण्यातील नागफणी या शिखरावर जाताना ही सवय घरी ठेवावी लागते. चढ थोडाच आहे आणि नेहमी चालणारा माणूस अर्ध्या दिवसात सहज जाऊन येतो. परंतु ती वाट दुसऱ्यांच्या घरातून जाते, हे ध्यानात ठेवूनच ती चालायची असते.

हे रान 1985 साली प्रामुख्याने शेकरूसाठी, म्हणजे झाडांवर राहणाऱ्या मोठ्या खारीसाठी, अभयारण्य म्हणून घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे 130 चौरस किलोमीटर असून ते पुणे, ठाणे आणि रायगड या तीन जिल्ह्यांत पसरले आहे. मात्र इथली झाडी त्याहून फार जुनी आहे, कारण देवाच्या नावाने राखलेल्या देवरायांमध्ये कुऱ्हाड चालवायची नाही, हा नेम गावांनी पिढ्यानपिढ्या पाळला. त्यामुळे सरकारी फलकावरचे नियम वाचताना ते केवळ शहरी पाहुण्यांसाठी आहेत असे मानू नये.

पुण्याहून जाण्यासाठी वाकडेवाडीच्या स्थानकातून एसटी मिळते. स्वतःच्या वाहनाने राजगुरुनगरहून वाडा मार्गे किंवा मंचर-घोडेगाव मार्गे जाता येते, आणि साडेतीन तास तरी हाताशी ठेवावेत. दिवस निवडताना मात्र विचार करावा. श्रावणातले सोमवार, महाशिवरात्र आणि जोडून आलेल्या सुट्ट्या टाळाव्यात. त्या दिवशी घाटरस्त्यावरच अर्धा दिवस सरतो. ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ नवख्यांसाठी सर्वांत चांगला. पावसाळ्यात हे रान विलक्षण सुंदर असते हे खरे, पण तेव्हा दहा पावलांपुढचे दिसत नाही, खडकांवर शेवाळ धरते, आणि वनखाते काही वाटा बंदही ठेवते. निघण्यापूर्वी वाट खुली आहे का, याची चौकशी अवश्य करावी आणि बंद असल्यास मुकाट्याने बेत बदलावा.

सामान थोडेच लागते. माणशी दोन लिटर पाणी, कोरडा खाऊ, टोपी, पूर्ण बाह्यांचा मळकट रंगाचा सदरा, तळव्याला चांगली पकड असलेले बूट, आणि स्वतःचा कचरा परत आणण्यासाठी एक कापडी पिशवी. अत्तर लावून जाऊ नये. त्याचे कारण पुढे येईलच. रस्त्याची माहिती मोबाइलवर अवलंबून ठेवू नये, कारण झाडीत शिरल्यावर रेंज येते-जाते.

भीमाशंकरला पोहोचल्यावर हनुमान तळ्याकडे जाणारी वाट विचारून घ्यावी. पहिल्यांदा जाणाऱ्याने स्थानिक वाटाड्या सोबत घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. या रानात ढोरवाटा पुष्कळ फुटतात आणि त्या मूळ पायवाटेपेक्षा अधिक ठळक दिसतात. मी स्वतः दुसऱ्या खेपेला अशाच एका ढोरवाटेने कारवीच्या दाटीत शिरलो आणि परत फिरण्याऐवजी 'पुढे वाट मिळेलच' अशा समजुतीने पाऊण तास घालवला. वाट हळूहळू अरुंद होऊ लागली, फांद्या छातीला लागू लागल्या, की समजावे आपण चुकलो. आणि जिथे वाट शेवटची खात्रीची होती तिथवर सरळ मागे यावे.

तळ्याच्या आसपासच्या झाडीत घाई करू नये. शेकरू डोळ्यांनी शोधण्यापेक्षा कानांनी शोधणे सोपे जाते. सर्वांनी बोलणे थांबवून पाच-दहा मिनिटे एका जागी बसावे. वाऱ्याशिवाय एकच फांदी हलली, किंवा फळाची सालपटे टपटप खाली पडू लागली, की तिथे वर पाहावे. एकदा माझ्या गुडघ्याजवळच कुरतडलेल्या सालीचा ओलसर तुकडा येऊन पडला आणि वर पाहिले तर मागच्या पायांनी फांदी धरून, डोके खाली करून लटकलेले शेकरू पुढच्या दोन पंजांत फळ फिरवत होते. तांबूस-तपकिरी पाठ, पांढुरके पोट आणि अंगापेक्षाही लांब, टोकाकडे फिकट होत गेलेली झुपकेदार शेपटी. ते क्वचितच जमिनीवर उतरते आणि झाडावरून झाडावर झेपावत फिरते, म्हणून फांद्यांचे छत सलग राहणे हीच त्याची खरी गरज आहे. उंचावर बारीक फांद्यांच्या दुबेळक्यात काटक्यापानांचा मोठा गोळा दिसला, तर ते त्याचे घरटे. झाड हलवणे, शिट्ट्या मारणे, खाऊ दाखवणे यांपैकी काहीही करू नये. हिरडा, जांभूळ तोडून पिशवीत भरू नये. हिरडा तर इथल्या महादेव कोळी कुटुंबांच्या वर्षाच्या मिळकतीचा मोठा आधार आहे.

झाडी संपून उघडा गवताळ चढ लागला, की माथा जवळ आला. इथे मुरमाच्या घसाऱ्यावर पाय सरकतो, म्हणून पावले आखूड टाकावीत आणि उतरताना शरीराचा भार मागे न टाकता गुडघे किंचित वाकवून उतरावे. गवताला धरून चढू नये. माथ्यावर पोहोचताच पुढे धाव घेण्याचा मोह होतो, आणि तोच सर्वांत धोक्याचा क्षण असतो, कारण पलीकडे सह्याद्रीचा कडा सरळ कोकणात तुटलेला आहे. कड्यापासून दोन पुरुष अंतर राखून बसावे, आणि खाली पाहायचेच असल्यास खडक घट्ट आहे याची खात्री करून पालथे झोपून पाहावे. हवा स्वच्छ असेल तर खाली पदरगड आणि खांडसच्या बाजूची शेते दिसतात. धुके आले तर जागेवरच बसून राहावे. ते बरेचदा जसे येते तसेच निघून जाते.

कड्यांच्या कपारीत आग्या मोहोळ असण्याची शक्यता असते. अत्तर, धूर आणि आरडाओरडा यांनी माश्या उठतात. त्या उठल्याच, तर हात न झटकता डोके-तोंड कापडाने झाकून कड्यापासून दूर, आलेल्या वाटेने झाडीकडे निघावे. माथ्यावर विडी-सिगारेट पेटवण्याचा प्रश्नच नाही. हिवाळ्यानंतर गवत इतके वाळते की एका ठिणगीने वणवा लागतो, आणि जमिनीलगत घरटी करणारे पक्षी त्यात पहिल्यांदा बळी पडतात.

परतीला दुपारी दोनच्या आत निघावे. उतरताना घाई झाली की वाटेवरच्या खुणा डोळ्यांतून सुटतात, म्हणून चढतानाच मागे वळून वळणे पाहून ठेवावीत. खाली आल्यावर पायांना, मोज्यांच्या कडांना आणि पाठीवरच्या पिशवीला गोचीड लागलेले नाहीत ना, ते एकमेकांचे तपासून पाहावे. पुण्याची शेवटची एसटी किती वाजता सुटते, हे मात्र सकाळी उतरल्या उतरल्याच वाहकाला विचारून ठेवावे.