नॅरोबोटचं इंजिन आयडलिंगला डगमगतंय? स्क्रूला हात लावण्याआधी हे तपासा

इंग्लंडच्या कालव्यांवर नॅरोबोटला, म्हणजे तिथल्या अरुंद, लांबट पोलादी बोटीला, वेगमर्यादा आहे ताशी 4 मैल. काठाला बांधलेल्या बोटींपाशी तर इंजिन जवळजवळ आयडलिंगवर आणावं लागतं. आणि बोटीला ब्रेक नसतो. थांबायचं ते मागचा गिअर टाकून. 7 फुटी लॉकमध्ये (बोट वर-खाली नेणाऱ्या, दरवाजे असलेल्या पाण्याच्या हौदात) 6 फूट 10 इंचांची बोट शिरत असताना गिअर बदलताना इंजिन बंद पडलं, की कित्येक टनांचं पोलाद तसंच दरवाजाकडे सरकत राहतं. म्हणून आयडलिंगचा बिघाड पुढे ढकलू नका. (बोट भाड्याची असेल तर मात्र काही न उघडता मालकाला फोन करा.)

हे सगळं जुन्या धाटणीच्या, यांत्रिक डिझेल-पंपाच्या इंजिनांना लागू आहे: बीएमसी 1.8, लिस्टर, कुबोटावर बेतलेली बीटा वगैरे. काठाला बोट बांधलेली असताना रात्री 8 ते सकाळी 8 इंजिन चालवायचं नसतं, तेव्हा काम दिवसाच काढा.

आधी इंजिन पंधरा-वीस मिनिटं चालवून गरम करा आणि न्यूट्रलमध्ये नुसतं ऐका. आकडा कमी आहे, जास्त आहे, की वरखाली होतोय? बहुतेक इंजिनांचं आयडलिंग 700 ते 1000 आरपीएमच्या दरम्यान असतं. नेमका आकडा तुमच्या इंजिनाच्या पुस्तकात मिळेल. टॅकोमीटरवर (आरपीएम दाखवणाऱ्या काट्यावर) लगेच विश्वास ठेवू नका. अनेक बोटींवर त्याला सिग्नल अल्टरनेटरकडून येतो, त्यामुळे पट्टा घसरला की काटा चुकीचं दाखवतो. क्रँकच्या पुलीवर चकचकीत पट्टी चिकटवून हातातल्या ऑप्टिकल टॅकोमीटरने मोजलेलं खरं.

मग इंजिनावरचा भार बघा. रात्रभर उतरलेल्या बॅटऱ्या सकाळी 70 अँपिअर खेचत असतील तर 14 व्होल्टला तो जवळपास 1 किलोवॉट झाला, आणि अल्टरनेटर-पट्ट्यात वाया जातं ते वेगळं. तासाभराने इंजिन आपोआप सुधारलं तर बिघाड इंजिनात नव्हताच. न्यूट्रलमध्ये छान आणि गिअर टाकताच मान टाकतं, तर बहुधा पाण्याखालच्या पंख्यात (प्रोपेलरमध्ये) काहीतरी अडकलंय: दोरी, प्लास्टिक, कापड. इंजिन बंद करा, किल्ली काढून खिशात ठेवा, हातमोजे घाला (कालव्याच्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो) आणि मगच वीड हॅच, म्हणजे पंख्यापर्यंत हात पोचवणारं बोटीतलं झाकण, उघडा. झाकण परत घट्ट बसलंय ना, हे दोनदा बघा. सैल राहिलं तर पंखा फिरताच पाणी आत येतं आणि बोट बुडू शकते.

आयडलिंग जास्त असेल तर थ्रॉटलची केबल पंपाच्या लिव्हरवरून सोडवा. लिव्हर स्टॉपवर टेकला आणि वेग उतरला, की दोष केबलचा.

खरा वेळ द्यायचा तो डिझेलला. विहिरीवरच्या इंजिनाचा आवाज ऐकत वाढलेल्याला ‘इंजिन एअर घेतंय’ हे लगेच कळतं: वेग चढतो, पडतो, पुन्हा चढतो. गव्हर्नर वेग सांभाळायला डिझेल कमीजास्त करत असतो आणि मध्येच हवेचा बुडबुडा येतो. टाकी ते लिफ्ट पंप (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) या भागात ओढ असते. तिथल्या फटीतून हवा आत जाते, पण डिझेल बाहेर येईलच असं नाही. कोरडा सांधा म्हणजे चांगला सांधा नव्हे.

आधी फिल्टरमधलं पाणी काढा. तळाशी काळा, शेवाळी गाळ दिसला तर टाकीत डिझेल आणि पाण्याच्या सीमेवर जंतू वाढलेत. नुसता फिल्टर बदलून भागणार नाही, टाकी साफ करावी लागेल. टाकीचा ब्रीदर (हवा आत येण्याची नळी) तुंबलेला नाही ना, तेही बघा. मग तपासणीपुरती पंपाआधी पारदर्शक नळी जोडा. माझ्या बोटीवर तिच्यातून मोहरीएवढे बुडबुडे एकामागोमाग जाताना दिसले होते. मी फिल्टर बदलताना चेपलेला जुनाच तांब्याचा वॉशर परत लावला होता. तरीही सापडलं नाही तर स्वच्छ डिझेलचा 5 लिटरचा कॅन इंजिनापेक्षा उंच, पक्का बांधून त्यातूनच इंजिन चालवा. डगमग थांबली, तर दोष टाकी ते पंपाच्या मधल्या भागात. नंतर पारदर्शक नळी काढून आगीला टिकणारी मूळ नळी लावा आणि एअर काढा: आधी फिल्टर, मग पंप, शेवटी नोझल.

वेग फारसा हलत नाही, पण ठोका चुकतोय आणि गरम झाल्यावरही पांढरा धूर आहे? मग एकेका नोझलच्या पाइपाचा नट जेमतेम सैल करून बघा. ज्याच्याने आवाजात फरकच पडत नाही, तो सिलिंडर झोपलाय. गॉगल लावा आणि फवाऱ्यापुढे हाताचं बोट कधीही नेऊ नका. त्या दाबाचं डिझेल कातडीत घुसतं. असं झालं तर जखम टाचणीएवढी दिसली तरी तडक इस्पितळ गाठा.

एवढं झाल्यावरच आयडलिंगचा स्क्रू. कमाल वेगाच्या सीलबंद स्क्रूला हात लावायचा नाही. लॉकनट सोडा, पाव फेरा द्या, थांबा, मोजा. आकडा फार खाली नेला की गिअरबॉक्सची ड्राइव्ह प्लेट (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारी चकती) खडखडते. तो आवाज आला की थोडं वर घ्या. लॉकनट आवळताना स्क्रूही थोडा फिरतो, म्हणून पुन्हा मोजा. मग दोर बांधलेलेच ठेवून पुढचा गिअर, न्यूट्रल, मागचा गिअर, असं चार-पाच वेळा करून बघा.