पेस्ट पुसायला सॅनिटायझर घेऊ नका

दुरुस्तीच्या दुकानात लागून मला दोनच महिने झाले होते. एक लॅपटॉप तापून बंद पडायचा. उघडला तर चिपची उष्णता कूलरकडे नेणारी थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. ती पुसायचं अल्कोहोल, म्हणजे आयसोप्रोपिल, संपलं होतं. काउंटरवर सॅनिटायझर होतं, बाटलीवर ‘अल्कोहोल ७०%’. दादांना विचारलं, तर म्हणाले, “काही होत नाही गं, पूस.” पुसलं. चिप आरशासारखी चकचकली. नवी पेस्ट लावून दिला, आणि दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक परत दारात. लॅपटॉप तसाच तापत होता.

मी फसले ती त्या ७० च्या आकड्याला. उरलेल्या ३० मध्ये काय आहे, हे बघितलंच नाही. त्यात पाणी असतं, हात कोरडे पडू नयेत म्हणून ग्लिसरीन असतं, जेल असेल तर ते घट्ट करणारा पदार्थ आणि वरून सुगंध. अल्कोहोल उडतं, पाणी सावकाश का होईना वाळतं, ग्लिसरीन मात्र जागेवरच राहतं. पेस्टचं काम चिप आणि कूलरचं तांबं यांच्यातल्या बारीक खाचांमधली हवा हटवायची, आणि आपण नेमका तिथेच चिकट थर देऊन ठेवतो. तो दिसतही नाही, म्हणून माणूस फसतो.

नेलपॉलिश रिमूव्हरचंही तेच. त्यात बहुधा अ‍ॅसिटोन असतं, जोडीला तेल आणि वास. तेल मागे राहतं आणि अ‍ॅसिटोन प्लॅस्टिक खातं. रॉकेल, पेट्रोल, थिनर यांचं तर नावही काढू नका.

९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल घ्या. सोल्डरिंगचं सामान मिळतं तिथे मिळतं. अगदीच अडलं तर इंजेक्शनआधी लावतात ते ७० टक्क्यांचे अल्कोहोल स्वॉब चालतील, त्यात साधारण अल्कोहोल आणि पाणीच असतं, पण पाकिटावरचे घटक वाचा आणि पूर्ण वाळू द्या. बॅटरी आधी काढायची. खिडकी उघडी, जवळपास गॅस पेटलेला नको. अल्कोहोल कापडावर घ्यायचं, चिपवर ओतायचं नाही. ब्लेड तर मुळीच नको, लॅपटॉपच्या उघड्या चिपचा कोपरा उडाला तर तो बोर्ड गेलाच समजा.

डेस्कटॉपला एक वेगळी खबरदारी. एएमडीच्या एएम४ सॉकेटमध्ये, म्हणजे प्रोसेसर बसवायच्या जागेत, पिना प्रोसेसरलाच असतात. कूलर सरळ ओढला तर वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसरही उपसून येतो. दहा मिनिटं मशीन चालवून गरम करा, बंद करून प्लग काढा, मग कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवत सोडवा.

हात थरथरतात ना? थरथरू देत. पुसण्याने चिप मरत नाही, घाईने मरते. आणि तुमच्या हातातला स्क्रूड्रायव्हर काढून घेऊन स्वतःच काम करणारा माणूस शिकवत नसतो, काम उरकत असतो, असं माझं ठाम मत आहे. दादांनी त्या दिवशी तो काढून घेतला नाही, एवढं मात्र त्यांचं मानते.

तो लॅपटॉप मीच पुन्हा उघडला. नवी लावलेली पेस्टही पुसून काढली. तीन कापडं बदलली. तिसरं पांढरंच निघालं, तेव्हा कुठे ट्यूबचं झाकण उघडलं.