ब्रश करताना हिरडीतून रक्त येते का? मंग हे करा

आपल्या गावाकडं हिरडीतून रक्त आलं की लोक म्हणते उष्णता झाली, अन् सोडून देते. असं सोडू नका भाऊ, हिरडीच्या दुखण्याचा संबंध मेंदूशीही असू शकते. मेंदूतली नस कधीकधी फुग्यासारखी फुगते, त्याले अ‍ॅन्युरिझम म्हणते, अन् फिनलंडच्या संशोधकांले अशा फुटलेल्या फुग्याच्या भिंतीत तोंडातल्या जंतूंचा डीएनए सापडला. हिरडीमुळंच नस फुटते असं पक्कं सिद्ध नाई झालं, पण संबंध दिसून राहिला.

पयले आरसा घ्या, हिरडी लाल, सुजलेली दिसते का, दात हालते का ते पाहा. रक्त येते म्हणून ब्रश बंद करू नका, नरम ब्रशनं रोज दोनदा, दोन-दोन मिनिटं घासा, रात्रीचं तर चुकवूच नका. राखुंडी, मशेरी, गुल सोडा. खर्रा तर सोडाच, मले याचंच जास्त वाईट वाटते, पोरं दहावीतच सुरू करते अन् तिशीत हिरडी गेलेली असते. दातावर जमलेला दगडासारखा थर घरी निघत नाई, तो डेंटिस्टकडूनच साफ करा, नागपूरले सरकारी डेंटल कॉलेज आहे. दात साफ केल्यानं ढिले होते हे खोटं आहे.

बीपी तपासा अन् बिडी-सिगारेट बंद करा, नस फुटाले हे दोन मोठे कारणं आहे.

अचानक, जन्मात कधी नाई दुखलं असं डोकं दुखलं, उलटी झाली, मान आखडली, तर ही मेंदूतली नस फुटल्याची खूण असू शकते; बाम चोळत बसू नका, अ‍ॅस्पिरिन देऊ नका, लगेच १०८ ले फोन लावा.