रंगीत निगेटिव्हचे कॅमेऱ्याने डिजिटल रूपांतर

जुन्या रंगीत निगेटिव्ह कॅमेऱ्याने टिपून घेतल्यावर रंग बिघडले, की दोष सॉफ्टवेअरला दिला जातो. वास्तविक बिघाड बहुधा फिल्मच्या मागच्या प्रकाशातच असतो. मोबाइलच्या पडद्यावर फिल्म ठेवून काम भागत नाही, कारण पडद्याचे ठिपके चित्रात उमटतात. त्याऐवजी सीआरआय (प्रकाशात रंग किती खरे दिसतात याचा निर्देशांक) 95 किंवा त्याहून अधिक असलेला एलईडी पॅनेल घ्यावा आणि त्यावरची धूळ फोकसमध्ये येऊ नये म्हणून फिल्म दोन-तीन सेंटीमीटर वर धरावी. फ्रेमभोवतीचा उघडा प्रकाश काळ्या कागदाने झाकावा आणि खोलीतली ट्यूब बंद ठेवावी.

35 मिलिमीटर फिल्मची फ्रेम 24 × 36 मिलिमीटर असते, त्यामुळे तेवढ्याच मापाचा सेन्सर असलेल्या फुल फ्रेम कॅमेऱ्याला 1:1 मॅक्रो लेन्स, म्हणजे वस्तू सेन्सरवर तिच्या मूळ आकारात उमटवणारी लेन्स, लागते. सेन्सर आणि फिल्म तंतोतंत समांतर असणे महत्त्वाचे, आणि त्यासाठी स्पिरिट लेव्हलपेक्षा आरसा बरा: फिल्मच्या जागी छोटा आरसा ठेवावा आणि लेन्सचे प्रतिबिंब कॅमेऱ्याच्या पडद्याच्या बरोबर मध्यभागी येईपर्यंत कॅमेरा हलवत राहावे. फिल्मच्या कडेची अक्षरे सुलटी वाचता आली, की बाजू बरोबर आहे असे समजावे.

धूळ ब्लोअरने उडवावी आणि फिल्म कडेलाच धरावी. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या दमट कपाटात राहिलेल्या फिल्मवर बुरशी दिसली, तर ती ओल्या फडक्याने मुळीच पुसू नये. चित्र ज्या थरात असते ते जिलेटिन बुरशीने पोखरले की पाण्यात विरघळते आणि बुरशीबरोबर चित्रही जाते.

कॅमेरा मॅन्युअलवर, आयएसओ 100, ॲपर्चर एफ/8, फाइल रॉ (सेन्सरची प्रक्रिया न केलेली माहिती) आणि शटर टायमरने, एवढे ठरले की एक्स्पोजर दोन फ्रेममधल्या कोऱ्या पट्टीवरून घ्यावे. निगेटिव्हमधला सर्वांत उजळ भाग तोच असल्याने हिस्टोग्राममध्ये, म्हणजे उजेडाच्या आलेखात, तो उजव्या टोकाजवळ जावा, पण कोणताही रंग टोकाबाहेर जाऊन कापला जाऊ नये. मग संपूर्ण रोलसाठी हेच एक्स्पोजर कायम ठेवावे. ती पट्टी नारिंगी दिसते तो फिल्मचा दोष नव्हे. रंगद्रव्यांतील उणिवा भरून काढण्यासाठी ही छटा मुद्दाम दिलेली असते. मात्र ती निळा प्रकाश बराच अडवते, निळा चॅनेल (चित्रातली निळ्या रंगाची माहिती) दुबळा राहतो आणि म्हणूनच 8 बिटांची जेपेग फाइल पुढच्या ताणाताणीत टिकत नाही.

रंग उलटवण्यासाठी डार्कटेबल या मोफत सॉफ्टवेअरमधले निगाडॉक्टर हे निगेटिव्हसाठीचे साधन पुरेसे आहे. त्यात आधी कोऱ्या पट्टीवरून फिल्मचा मूळ रंग निवडावा. हाताने करायचे असल्यास कर्व्ह्ज (उजेड-अंधार बदलणाऱ्या रेषा) उलटे करून लाल, हिरवा आणि निळा या प्रत्येक चॅनेलची गडद आणि उजळ अशी दोन्ही टोके वेगवेगळी जुळवावीत. तिन्हींना एकच कर्व्ह लावला, तर सावल्या एका रंगाकडे आणि उजेड दुसऱ्या रंगाकडे झुकतो. शेवटची दुरुस्ती पांढरा सदरा, राखाडी भिंत अशा ज्ञात रंगावरून करावी. त्वचेच्या रंगावर भिस्त ठेवणे मला तरी धोक्याचे वाटते, कारण लग्नाच्या फोटोंमध्ये चेहऱ्यावर हळदही असू शकते.