पॉलिमर क्लेचे कोस्टर: नक्षीआधी सपाटपणा

पॉलिमर क्ले म्हणजे ओव्हनमध्ये भाजली की कडक होणारी मऊ, प्लास्टिकची माती. तिचे कोस्टर, म्हणजे कपाखाली ठेवायच्या चकत्या, करायला घेणारे बहुतेक जण नक्षीवर जीव ओततात. पण कपाखाली डगमगणारा कोस्टर कितीही देखणा असला, तरी भेट मिळालेल्या घरी तो कपाटातच पडून राहतो. म्हणून पुढच्या कृतीत लाटणे, कापणे आणि भाजणे यांवरच भर दिला आहे.

साडेनऊ सेंटिमीटर व्यासाच्या, ६ मिलिमीटर जाडीच्या चार कोस्टरसाठी कापून उरणारा भाग धरून सुमारे ३५० ग्रॅम क्ले लागते. ती कडा न चिरता वाकेपर्यंत मळावी. पांढऱ्या क्लेवर धूळ आणि धागे फार लवकर बसतात, तेव्हा हात ओल्या फडक्याने पुसून आधी पांढरी आणि मगच गडद रंगाची क्ले हाताळावी. संगमरवरी रेघांसाठी पांढऱ्या आणि करड्या क्लेच्या वळ्या एकत्र पिळून दोन-तीनदाच दुमडाव्यात. ‘आणखी एकदा’ हा मोह आवरावा, कारण त्या एका घडीत रेघा विरून सगळा गोळा राखाडी होतो.

गोळा गुळगुळीत सिरॅमिक टाइलवर ठेवून, दोन्ही बाजूंना ६ मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या लावून, लाटण्याची दोन्ही टोके त्या पट्ट्यांवरून फिरतील अशा बेताने लाटावा. पृष्ठभागावर फुगवटा दिसला, तर सुई तिरपी टोचून आतली हवा बोटाने बाहेर काढावी, नाहीतर भाजताना तिथेच फोड येतो. गोल कापल्यावर चकती उचलायची नाही. तिच्याभोवतीची जास्तीची क्ले काढून घ्यायची आणि चकती टाइलसकट भाजायची. कच्ची चकती उचलताना ताणली जाते, आणि कोस्टर वाकडे होण्याचे सर्वांत मोठे कारण हेच असते.

भाजण्याचे तापमान पाकिटावर दिलेले असते. ते बहुधा ११० ते १३५ अंश सेल्सिअस असते. ओव्हनच्या बटणावरचा आकडा आणि आतले प्रत्यक्ष तापमान यांत बरीच तफावत असू शकते, म्हणून आत वेगळा थर्मामीटर ठेवणे मला अत्यावश्यक वाटते. वरून ॲल्युमिनियम फॉइलचे सैल झाकण घालून पाकिटावरच्या सूचनेप्रमाणे, साधारण अर्धा तास भाजावे. योग्य तापमानाला थोडा जास्त वेळ दिल्यास क्ले अधिक चिवट होते. ही क्ले पीव्हीसी या प्लास्टिकची असल्याने करपली, तर डोळ्यांना आणि घशाला झोंबणारा अपायकारक धूर निघतो. तसे झाल्यास ओव्हन बंद करून खिडक्या उघडाव्यात. मायक्रोवेव्ह मात्र वापरूच नये.

चकत्या कोमट असतानाच त्यांच्यावर दुसरी टाइल ठेवावी आणि पूर्ण थंड होईपर्यंत हलवू नये. त्यानंतर ४००, ६०० आणि १००० नंबरचा वॉटर पेपर (पाण्यात वापरता येणारा सँडपेपर) क्रमाने पाण्यात घासून, शेवटी जुन्या सुती कापडाने चमक आणावी. वार्निश टाळलेले बरे, कारण गरम कप त्याला चिकटून कोस्टरसकट उचलला जातो. मी एकदा घाईत नेलपॉलिश लावले आणि आठवडाभरानंतरही कोस्टर बोटांना चिकटतच होता.

खाली कॉर्कची चकती कडेपासून २ मिलिमीटर आत घेऊन चिकटवावी, म्हणजे ती वरून दिसत नाही. भेटीसोबत एका चिठ्ठीवर लिहावे: कोस्टर ओल्या फडक्याने पुसावा, त्यावर खाद्यपदार्थ ठेवू नये आणि गॅसवरून नुकतेच उतरवलेले भांडे तर मुळीच नको. चहाचा कप मात्र खुशाल ठेवावा.